घराआधी अंगण : जोत्याबाहेरच्या कामाचा हिशेब

आज आपल्या समाजातला माणूस स्वतःचे पक्के घर बांधू लागला आहे. कुणी एस.टी.तल्या नोकरीच्या फंडातून, कुणी साखर कारखान्यातल्या पगारातून शिल्लक टाकून, कुणी पतसंस्थेचे कर्ज काढून, तर कुणी घरकुल योजनेच्या रकमेतून. ही आनंदाची गोष्ट आहे. पण घर बांधायचे ठरले की घरात जी चर्चा होते ती खोल्या किती, स्लॅब कधी, फरशी कोणती, रंग कोणता एवढ्यापुरतीच होते. जोत्याच्या बाहेर जी जागा उरते, म्हणजे पुढचे अंगण, बाजूची बोळ आणि मागचे परडे, त्यांच्याबद्दल एकच वाक्य ऐकू येते : "ते नंतर बघू."

हे 'नंतर' पहिल्या पावसाबरोबर येते. अंगणात पाणी तुंबते, नव्या भिंतीला ओल चढते, न्हाणीचे पाणी शेजाऱ्याच्या दारात जाते आणि भांडण लागते. शौचालयाची टाकी अशा ठिकाणी बसलेली असते की उपसा करणाऱ्या गाडीची नळीही तिथवर पोचत नाही. तोवर पैसे संपलेले असतात. म्हणून आमचे म्हणणे असे की, अंगणाचे काम शेवटी करावयाचे असले तरी ते ठरवावे मात्र पाया खणण्याआधी. ते कसे ठरवावे हे या लेखात क्रमाने सांगत आहोत.

आपल्या वाट्याला आलेली जमीन

हा प्रश्न आपल्या लोकांना इतरांपेक्षा जास्त भोवतो. जुन्या गावरचनेत आपली वस्ती गावाबाहेर असे आणि पुष्कळ गावांत ती सखल अंगाला, ओढ्याच्या काठाला असे. गावाचे सांडपाणी जिकडे वाहत जाई, तिकडेच आपली घरे. आता नावे बदलली, कौलांच्या जागी स्लॅब आले, पण जमिनीची पातळी बदललेली नाही. वरच्या आळीचे पाणी आजही उताराने आपल्याच वस्तीकडे येते. ज्याची जागा उंचावर आहे त्याचे दुर्लक्ष एखादवेळेस खपून जाते. सखल जागेवर बांधणाऱ्याचे खपत नाही.

कोल्हापुरात तर पाण्याचा विचार टाळून चालतच नाही. भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी या नद्यांचे पाणी घेऊन पंचगंगा शहराला वळसा घालते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी धरतात. १९८९, २००५, २०१९ आणि २०२१ या सालांचे पूर लोकांच्या ध्यानात आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. शहरातला सुतारवाडा तर दर मोठ्या पुरात आधी हलवावा लागतो. प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या गावांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळी येथे उंचावर जागा देण्यात आल्या. पण शेती आणि जनावरे जुन्या गावात, त्यामुळे लोकांचा पाय तिथून पुरता निघाला नाही. घर कुठे बांधावे हे माणसाच्या एकट्याच्या हाती नसते, हेच यावरून दिसते. पण मिळालेल्या जागेवर पाण्याची व्यवस्था कशी करावी, हे बऱ्याच अंशी आपल्या हाती असते.

नवीन जागा घेत असाल तर पहिली चौकशी पूररेषेची करा. पाटबंधारे खाते नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन रेषा आखते. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधल्या पट्ट्यात घर बांधण्यास मनाई असते. असा प्लॉट स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये. दलाल पुराची गोष्ट सांगणार नाही. ती शेजारच्या म्हातारीला विचारा. २०१९ ला पाणी कुठवर आले होते, हे ती भिंतीवर हात ठेवून दाखवील.

माती ओळखा

आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला एक माती आणि पूर्वेला दुसरी. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात साधारण हजार आणि शिरोळकडे पाचशेच्या आसपास. पन्हाळा, शाहूवाडी, आजरा, चंदगड या बाजूला जांभ्याची तांबडी जमीन आढळते, तर शिरोळ, हातकणंगले आणि नदीकाठी काळी माती. त्यामुळे एका गावातल्या गवंड्याचे आडाखे दुसऱ्या गावात चालतीलच असे नाही.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर जोते किंवा कोबा नुसता टेकवला तर दोन वर्षांत चिरा पडतात. अशा ठिकाणी पाया खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो. घराभोवतीची काळी माती निदान दोन-तीन फूट रुंदीपर्यंत काढून तिथे मुरूम भरून ठोकावा आणि त्यावर बाहेरच्या बाजूस उतार देऊन कोबा करावा. भिंतीच्या कडेला पाणी मुरणे थांबले की पुढचा बराच त्रास वाचतो. जांभ्याच्या जमिनीत उलटे असते. तिथे पाणी लवकर मुरते, अंगण लवकर कोरडे होते, पण शोषखड्ड्याचे घाण पाणीही तितक्याच लवकर विहिरीकडे जाते.

आपली माती कशी आहे हे पाहण्याची एक बिनखर्चाची रीत आहे. जिथे शोषखड्डा करावयाचा तिथे, खड्डा जेवढा खोल जाणार असेल साधारण तेवढे खोल खणा आणि तळाशी एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल असा लहान खड्डा करा. संध्याकाळी त्यात पाणी भरून रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा भरा आणि घड्याळ लावून पाहा. तासाभरात पाणी चांगले खाली गेले तर शोषखड्डा चालेल. जेमतेम बोटभर गेले तर खड्डा मोठा करावा लागेल आणि भोवती वाळूचा थर द्यावा लागेल. सकाळी कालचेच पाणी तसेच दिसले तर वेगळी सोय पाहावी लागेल.

पाण्याला वाट काढून द्या

घरकुलाचे घर साधारण २६९ चौरस फुटांचे, म्हणजे २५ चौरस मीटरचे असते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे शहरातल्या हजार मिलिमीटर पावसात एवढ्याशा छपरावरून वर्षाला २५ हजार लिटर पाणी खाली येते. दोनशे लिटरच्या पिंपाने मोजले तर सव्वाशे पिंपे. हे पाणी कुठे जाणार, याचे उत्तर नकाशावर आधी पाहिजे. ते आपल्या जोत्याशी पडून राहू नये आणि शेजाऱ्याच्या हद्दीतही जाऊ नये. पागोळ्यांच्या पाण्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या झालेल्या आपण पाहतो.

त्यासाठी पुढील मापे ध्यानात ठेवावीत.

जोते भोवतीच्या जमिनीपेक्षा निदान दीड फूट उंच असावे. मात्र उंची मोजताना समोरचा रस्ताही धरावा. रस्त्यावर दर काही वर्षांनी खडी-डांबराचा नवा थर पडतो आणि रस्ता वर चढतो, घर मात्र तिथेच राहते. म्हणून रस्त्याच्या मध्यापासून दीड-दोन फूट वर जोते धरले तर पुढच्या पिढीपर्यंत निभावते.

भिंतीपासून बाहेर पहिल्या दहा फुटांत मातीला सहा इंच उतार द्यावा. जागा पाचच फूट असेल तर तीन इंच. फरशी किंवा कोबा असेल तर दहा फुटांना अडीच इंच पुरतात. उघड्या गटाराला शंभर फुटांना एक फूट उतार हवा. शौचालयाच्या चार इंची पाईपला दहा फुटांना दोन ते तीन इंच.

हा उतार डोळ्यांनी कळत नाही. गवंड्याकडे पारदर्शक नळीची पाणसळ असते. पाया आखण्याच्या दिवशीच तिने जागेचे चारही कोपरे, रस्ता आणि गटाराचा तळ यांच्या पातळ्या मोजून घ्याव्यात आणि कागदावर लिहून ठेवाव्यात. हे अर्ध्या तासाचे काम आहे. गटाराचा तळ आपल्या न्हाणीच्या तळापेक्षा वर निघाला, तर हे पाया खणण्याआधी कळलेले बरे.

आपल्या जिल्ह्याच्या नावाने ओळखला जाणारा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पाहा. पावसाळ्याआधी त्याचे बरगे काढून पाण्याला वाट मोकळी करतात आणि पाऊस ओसरताना पुन्हा घालून पाणी अडवतात. अंगणाचेही तसेच असावे. धो धो पावसात जादा पाण्याला बाहेर जायला चर असावी आणि सावकाश पडणारे पाणी परड्यातल्या झाडांच्या आळ्यांत मुरावे. कंपाऊंडची भिंत बांधणार असाल तर तिच्या तळाशी ठरावीक अंतरावर पाणी जाण्यास भोके ठेवा. नाहीतर भिंत म्हणजे बरगे न काढलेला बंधारा होतो, पाणी अडते आणि एखाद्या रात्री भिंतच आडवी होते.

भराव : घाईचे काम नव्हे

सखल जागेवर भराव टाकावा लागतो. त्याचा हिशेब सोपा आहे. वीस फूट लांब, वीस फूट रुंद जागा एक फूट उंच करायची तर ४०० घनफूट, म्हणजे ४ ब्रास मुरूम लागतो. ठोकल्यावर तो बसतो, म्हणून ५ ब्रास धरावा. ट्रॉलीत किती ब्रास येते हे ठेकेदाराच्या तोंडी हिशेबावर सोडू नका. टेप घेऊन ट्रॉलीची लांबी, रुंदी, उंची स्वतः मोजा, गुणाकार करून शंभराने भागा.

भराव एकदम ओतू नये. सहा ते नऊ इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुमुसाने ठोकणे आणि नंतर पुढचा थर. पाडलेल्या घराचा राडारोडा, प्लॅस्टिक, झाडाची मुळे भरावात घालू नयेत. ती कुजतात, पोकळी होते आणि वरची फरशी खचते. पायाच्या चरीत परत लोटलेली माती तर हमखास बसते. म्हणून अंगणाची फरशी किंवा ब्लॉक वास्तूच्या कार्यक्रमाआधी घाईने घालू नका. एक पावसाळा जाऊ द्या. पाणी कुठे तुंबते, माती कुठे खचते हे तो पावसाळा फुकटात दाखवील. तोपर्यंत दारापासून रस्त्यापर्यंत खडी आणि मुरमाची पायवाट पुरे.

आणखी एक गोष्ट. पाया खणताना वरची सहा इंच माती वेगळ्या ढिगात ठेवा. तीच कसदार माती असते. खालच्या मुरमात ती मिसळली की परड्यात पुढे काही उगवत नाही आणि मग विकत माती आणावी लागते.

टाकी आणि शोषखड्डा

या विषयावर आपल्या लोकांनी इतरांपेक्षा जास्त काटेकोर असले पाहिजे. दुसऱ्याची घाण उपसण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या माथी मारले गेले हे सांगावयास नको. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्याच्या कामावर माणूस ठेवण्यास बंदी आहे आणि संरक्षक साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. तरीही टाकीतल्या विषारी वायूने गुदमरून माणसे मेल्याच्या बातम्या येतात. टाकीची जागा चुकली की गाडीची नळी पोचत नाही, मग कुणीतरी चार पैसे देऊन माणूस उतरवतो. म्हणून ही जागा ठरवणे नुसते गवंड्याचे काम मानू नये. आपल्या घरासाठी कोणाच्याही मुलाला टाकीत उतरावे लागणार नाही, असे घरमालकानेच पाहावयाचे आहे.

टाकी रस्त्याच्या बाजूला, गाडीची नळी सहज पोचेल अशा ठिकाणी घ्या. झाकण फरशीखाली गाडू नका. ते जमिनीच्या थोडे वर ठेवा, म्हणजे पावसाचे पाणी आत जाणार नाही. वायू बाहेर जाण्याची नळी छपराच्या वर न्या. टाकीतून निघणारे पाणी उघड्या गटारात सोडू नका, ते शोषखड्ड्यात सोडा. विहीर किंवा बोअर असेल तर शोषखड्डा त्यापासून निदान पन्नास-साठ फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. खणण्याआधी शेजाऱ्याची विहीर कुठे आहे हेही पाहावे.

खेड्यात जागा असेल आणि जमीन पाणी पीत असेल तर दोन शोषखड्ड्यांचे शौचालय सर्वांत सोयीचे. दोन खड्ड्यांत निदान तीन-सव्वातीन फूट अंतर ठेवावे. एक भरला की पाणी दुसऱ्याकडे वळवायचे आणि पहिला दोन वर्षे बंद ठेवायचा. आतल्या मैल्याचे कोरडे खत होते. मात्र जिथे पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते, तिथे खड्डे खोल न घेता थोडे उंचावर घ्यावेत. पुराच्या भागात शौचालयाचे भांडेही जमिनीपासून उंच बसवा, नाहीतर पूर चढताना टाकीतले पाणी उलटे घरात येते.

परडे, झाडे आणि बाईमाणसांची सोय

परड्याचा नकाशा काढताना घरातल्या बाईला आधी विचारा. धुण्याचा दगड कुठे, दोरी कुठे, पाण्याची टाकी कुठे, सरपण किंवा गॅसची टाकी कुठे, हे तिच्याइतके कोणाला कळत नाही. धुण्या-भांड्याचे पाणी केळी, अळू, पपई यांना द्यावे. साबणाचे फार दाट पाणी मात्र गटारात सोडावे. डबकी राहिली नाहीत तर डासही कमी होतात. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणून पावसाचे पाणी साठवण्याचे पिंप झाकलेले असावे.

झाडे लावताना आजचे रोप पाहू नका, वीस वर्षांनंतरचे झाड पाहा. लिंबू, कढीपत्ता, पेरू, सीताफळ यांना भिंतीपासून सहा-आठ फूट अंतर पुरते. आंबा, नारळ निदान पंधरा-वीस फूट लांब आणि विजेच्या तारांखाली नको. शेवगा सोपा आणि गुणाचा, पण त्याची फांदी वाऱ्यात कडकन मोडते, म्हणून तो पत्र्यावर झुकेल असा लावू नये. टाकी आणि पाईपजवळ मोठे झाड नकोच. पाण्याच्या वासाने मुळे आत शिरतात. वड, उंबर आणि पिंपळ घराला लागून लावू नयेत. पिंपळ हा आपल्यासाठी बोधिवृक्ष आहे, त्याच्याविषयी आपणास आदर आहे. पण त्याची जागा विहाराच्या मोकळ्या पटांगणात. भिंतीच्या फटीत रुजलेला पिंपळ भिंत फोडतो.

टाकी अमुक कोपऱ्यात नको, दार तमुक दिशेला हवे असे सांगणारे वास्तुवाले आता आपल्याही वस्तीत फिरू लागले आहेत. त्यांना द्यावयाचे पैसे मुरमाला द्या. कोपरा उतार पाहून ठरतो, दिशा वारा आणि ऊन पाहून ठरते. पाणी पंचांग पाहून वाहत नाही.

शेवटी, घरात म्हातारी माणसे आहेत किंवा पुढे होणार आहेत हे ध्यानात ठेवून दारात एका बाजूला सौम्य उताराची वाट ठेवा. पायऱ्या सहा इंचांपेक्षा उंच नसाव्यात. आणि अंगणात दिवा लागेल असा एक कट्टा ठेवा. लहान घरात पोरांना अभ्यासाला तीच एक शांत जागा असते.

कामाचा क्रम

१. जागेची मोजणी आणि हद्द कायम करणे, पूररेषेची चौकशी.
२. पाणसळीने पातळ्या घेणे, माती तपासणे, कागदावर नकाशा काढणे.
३. वरची सहा इंच माती वेगळी ठेवणे.
४. पायाबरोबरच टाकी, शोषखड्डा आणि गटाराची चर खणून घेणे. जेसीबी एकदाच बोलवावा लागतो.
५. भरावाआधी सर्व पाईप टाकणे. अंगणाखालून दोन रिकामे पाईपही टाकून ठेवणे, पुढे नळ किंवा वायर न्यायची तर फोडाफोड नको.
६. भराव थराथराने ठोकणे, जोत्याभोवती कोबा करणे.
७. एक पावसाळा थांबणे.
८. मग फरशी, कंपाऊंड आणि झाडे.

खर्चाबद्दल आमची शिफारस अशी की, घरासाठी शंभर रुपये असतील तर दहा रुपये जोत्याबाहेरच्या कामासाठी पहिल्या दिवशीच वेगळे काढावेत. पतसंस्थेत वेगळे खाते काढून त्यात ठेवले तर उत्तम, म्हणजे टाइल्सच्या दुकानात ते उडणार नाहीत. घरकुलाच्या हप्त्यांत अंगणाचा खर्च बसेल अशी आशा धरू नये. पैसे कमीच असतील तर फरशी, रंग आणि कंपाऊंड मागे ठेवा, पण उतार, गटार, टाकी आणि जोत्याभोवतीचा कोबा मागे ठेवू नका.

एकट्याचे घर कोरडे राहत नाही

एकाने आपले जोते दोन फूट वाढवले की त्याचे पाणी शेजारच्या जुन्या घरात शिरते. तो पुढच्या वर्षी अडीच फूट वाढवतो. शेवटी वस्तीतली सर्वांत गरीब विधवा किंवा म्हातारा जो उरतो, त्याच्या मातीच्या भिंतीत सगळ्यांचे पाणी मुरते. २०१९ च्या पुरानंतर जिल्ह्यात हजारो घरांची पडझड झाली आणि मातीच्या भिंती त्यात पुढे होत्या. म्हणून नवे घर बांधणाऱ्याने शेजाऱ्यांना बोलावून पातळ्या दाखवाव्यात आणि पाणी कुठून न्यायचे हे सर्वांनी मिळून ठरवावे. विहारातल्या रविवारच्या बैठकीत वस्तीच्या गटाराचा विषय घ्यावा. कोणत्या घराचे पाणी कुठे जाते याचा साधा नकाशा काढावा आणि सर्वांच्या सह्यांचा अर्ज ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला द्यावा. अर्जाची पोच घ्यावयास विसरू नये.

पावसाळा संपला की बांधकामे सुरू होतात. ज्यांच्या घरी यंदा पाया निघणार आहे त्यांनी हे पान कापून ठेवावे, वर दिलेली मापे गवंड्याला वाचून दाखवावीत आणि पहिली कुदळ पडण्याआधी पाणसळ लावून घ्यावी.